खिंडीतले व्याही

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसांना डोंगराची हौस फार, पण देवानं ती कधी भागवलेली नाही. त्यामुळं जिथं जमिनीला जरा फुगवटा आला तिथं त्यांनी लगेच नाव ठेवून दिलं. करंजवाडी आणि पिंपळमाळ या दोन गावांच्या मधे असाच एक मुरमाड माळ आडवा पसरला होता आणि त्याला चिरून गाडीवाट गेली होती. तिचं नाव बोरखिंड. सह्याद्रीतल्या माणसानं पाहिली असती तर हसून बेजार झाला असता. पण सव्वाशे पावलं लांब, एक गाडी रुंद आणि बरोबर मधोमध वळलेली ही खिंड वाहतूक तुंबवण्यात कुठल्याही मोठ्या घाटाला हार जाणारी नव्हती.

करंजवाडी पूर्वेला, इंदापूर तालुक्यात. तिथल्या गाड्या वांगी, गवार, कोथिंबीर असं माळवं भरून बारामतीच्या बाजाराला निघत. पिंपळमाळ पश्चिमेला, बारामती तालुक्यात. तिथल्या गाड्या ऊस भरून पूर्वेकडच्या कारखान्याला निघत. म्हणजे दोन्हीकडच्या गाड्या भरलेल्या आणि दोन्हीकडची माणसं घाईत. वळणामुळं समोरचं काही दिसायचं नाही. बैलाच्या नाकाला बैलाचं नाक भिडलं की मगच कळायचं. मग एकाला बैल सोडून, गाडीला खांदा लावून, ती ढकलत ढकलत माघारी न्यावी लागे.

कुणी न्यायची? त्याला कायदा होता. तो कुठल्या कागदावर नव्हता, पण पोराटोरांनाही तोंडपाठ होता. मुलीकडच्यानं माघारी घ्यायची. ज्याच्या घरची लेक समोरच्याच्या घरी दिलेली, त्यानं मुकाट्यानं बैल सोडायचे. थेट सोयरीक नसेल तर ती शोधायची. दोन्ही गाडीवान जुवावर बूड टेकून, तंबाखू मळत, "तुमची थोरली चुलती आमच्या वस्तीवरल्या कुनाची कोन?" असा धागा धरायचे आणि तो तीन पिढ्या मागं ओढत न्यायचे. मागं गाड्यांची रांग लागायची. रांगेतले लोकही मग चार नाती सुचवायचे. एस.टी. सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात साताऱ्याकडच्या ड्रायव्हरला एकानं खिडकीशी येऊन विचारलं, "पाव्हनं, भैन कुठं दिलीया तुमची?" त्या बापड्याला वाटलं, ओळख काढताहेत. त्यानं गाव सांगितलं. ते गाव विचारणाऱ्याच्या मावसभावाचं निघालं आणि बापड्याला अख्खी मोटार मागं घ्यावी लागली.

आता पिंपळमाळला कॅनॉलचं पाणी आधी आलं, त्यामुळं करंजवाडीच्या लेकी पिंपळमाळला पडायच्या. उलट क्वचितच. साहजिकच माघारी घ्यायची पाळी नेहमी करंजवाडीवर यायची आणि पिंपळमाळवाले उसावर बसून मिशा चोळायचे.

करंजवाडीच्या हिंदुरावाची सारजाही अशीच चार वर्षांपूर्वी पिंपळमाळच्या आबासाहेबाच्या घरात सून म्हणून आली होती. माहेरी तिच्या खोड्यांनी आळी हैराण असायची. सासरी येऊन तिनं पदर डोक्यावर घेतला, पण डोक्यातलं काही खाली ठेवलं नाही. आबासाहेबाचं वरचं रान अगदी खिंडीच्या काठावर होतं. तिथं खुरपायला बसलं की खालची सगळी भांडणं फुकटात दिसत. सारजेला ते रान फार आवडे.

छप्पन साल सरता सरता, पौषात, ते रान तिला नकोसं झालं.

त्या दिवशी इकडून आबासाहेबाची उसाची गाडी शिरली आणि तिकडून हिंदुरावाची माळव्याची. व्याही व्याही समोरासमोर आले. विचारायचं काही कारणच नव्हतं. हिंदुरावानं "रामराम" घातला, बैल सोडले आणि साठीच्या वयात एकट्यानं गाडीला खांदा लावला. पाच-सात पावलं गेली असतील नसतील, एका बाजूचं चाक चरात उतरलं. गाडी कलंडली आणि तिची दांडी हिंदुरावाच्या खांद्यावर बसली. वांगी खिंडभर पसरली.

आबासाहेब वाईट माणूस नव्हता. तो उडी टाकून धावला. स्वतःचं उपरणं फाडून त्यानं व्याह्याचा हात गळ्यात बांधला, वांगीही वेचून दिली. पण वेचता वेचता म्हणाला, "बेतानं घ्यायची न्हाय का, व्याहीबुवा?" आणि गाडी बाजूला निघाल्याबरोबर आपला ऊस घेऊन पुढं निघून गेला.

वर बांधावर उभ्या असलेल्या सारजेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सासऱ्याला बोलायची सोय नव्हती. तिनं संध्याकाळी भरल्या वांग्यात तिखटाचा हात असा सैल सोडला की आबासाहेबाला जेवणभर उचक्या लागल्या. पण त्यानं तिचं मन काही निवलं नाही. चार दिवसांनी ती बापाला बघायला गेली आणि म्हणाली, "तात्या, पुन्यांदा गाडी माघारी घेऊ नगंसा."

"येडी हाईस का?" हिंदुराव म्हणाला. "पोरीचा बाप हाय मी. मी ताठलो तर तुला तितं कोन सुखानं नांदवील?"

म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच होतं. हे ऐकून तर तिला रडूच फुटलं. घरी परतताना खिंडीतून चालत येताना तिनं एकच गोष्ट मनाशी धरली. आपल्या बापानं आता या खिंडीत माघार घ्यायची नाही. बाकी आकाश कोसळलं तरी चालेल.

माघात बांधकाम खात्याचे ओव्हरसियर मोहनराव छत्री, साखळी आणि तांबडीपांढरी काठी घेऊन हजर झाले. खिंडीतली कोंडी आणि अपघात यांवर उपाय सुचवण्याचं काम त्यांना दिलं होतं. दोन दिवस ते बाभळीखाली बसून वहीत वेळा टिपत होते. मंगळवारी खिंड तीन तास बंद राहिली. त्यातला एक तास एकाच्या दुसऱ्या बायकोचं माहेर नात्यात धरायचं की नाही, यावर गेला. मोहनरावांनी तेही टिपून ठेवलं, कारण माणूस प्रामाणिक होता.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात दोन्ही गावं जमली. मोहनरावांनी नकाशा उलगडला. वळणावरची दरड कापायची. तिथं दोन गाड्या बाजूला घेता येतील एवढी मोकळी जागा करायची. त्यासाठी आबासाहेबांच्या वरच्या रानाची दोन गुंठ्यांची पट्टी लागेल. आणि दोन्ही तोंडांना पाटी लावायची, भरलेली गाडी आधी, रिकामी थांबेल. दोन्ही भरलेल्या असल्या तर चढणीची आधी.

आबासाहेबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, तुमचं शिक्षान मोठं हाय. पन उद्या माझ्या सुनंचा बाप भरलेली गाडी घिऊन आला, आन माझी रिकामी आसली, तर मी थांबायचं?"

"होय."

"मुलाकडच्यानं?"

"पाटीला मूल-मुलगी कळत नाही, आबासाहेब."

देऊळ हसून हसून लोटपोट झालं. पिंपळमाळवाले हसले, करंजवाडीवालेही हसले. गळ्यात हात बांधलेला हिंदुरावसुद्धा हसला. भिंतीआड बायकांत बसलेल्या सारजेला बापाचं ते हसू सगळ्यांत जास्त लागलं.

"आमचं आमी बघतो," आबासाहेबानं निकाल दिला. "पट्टी मिळायची न्हाय."

मोहनरावांनी नकाशाची गुंडाळी केली. दोन्ही गावांची संमती असल्याशिवाय खातं पुढं जात नव्हतं. "पाडव्यानंतरच्या बुधवारी मी शेवटचा येईन," ते म्हणाले. "तेव्हाही नाही म्हणालात तर हे प्रकरण कायमचं बंद. मग खिंड तुमची आणि तुमचे खांदेही तुमचे."

दुसऱ्या दिवशी ते वळणावर शेवटची मापं घेत होते तेव्हा सारजा ताकाचा तांब्या घेऊन गेली. तांब्या दगडावर ठेवला, चार पावलं मागं सरली आणि पदराआडून म्हणाली, "सायेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"दोगं बी मुलाकडचं आसलं, तर कुनी माघारी घ्यायची?"

मोहनराव ताक पिता पिता थांबले. "असं कसं होईल?"

"झालंच तर?"

"मग कुणीच घेणार नाही. दोघंही बसतील तिथंच."

"लई येळ?"

"जन्मभर," मोहनराव म्हणाले. सारजेनं तांब्या उचलला आणि घरी येईपर्यंत ती गालातल्या गालात हसत होती.

तिची नणंद शकू लग्नाची होती. गेल्या वैशाखात नरसिंहपूरच्या जत्रेत तिनं सारजेचा भाऊ भीमा पाहिला होता. तेव्हापासून करंजवाडीहून कुणी आलं की आधी पाणी घेऊन शकूच धावायची आणि उगाच "घरची समदी बरी हायती न्हवं?" असं विचारायची. समदी म्हणजे कोण, हे सारजेला कळत होतं. भीमाही काही कमी नव्हता. बहिणीला भेटायला आधीच्या तीन वर्षांत तीनदा न आलेला भाऊ या सालात नऊ वेळा येऊन गेला होता. तेव्हा सारजेला नवीन काही पेरायचं नव्हतं, नुसतं पाणी सोडायचं होतं.

तिनं सासूला, द्वारकाबाईला, गाठलं. "आत्याबाई, शकूवन्संना लांब देऊ नगा. लांबची मानसं कशी आसत्याली कुनाला ठावं?"

"मग कुठं देऊ?"

"आमचा भीमा हाय की. खिंडीच्या पल्याड. तुमी बांधावर उभं राहून हाक मारली तर वन्सं ओ देत्याल."

द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. लेक हाकेच्या अंतरावर राहणार, याहून आईला काय हवं? आठ दिवस तिनं आबासाहेबाच्या कानाशी हेच लावून धरलं. आबासाहेबानंही विचार केला. हिंदुराव सरळ माणूस, वर शब्द न बोलणारा. आपल्या लेकीला तिथं कुणी दुखवणार नाही. एकमेकांत साटंलोटं झालेली घरं पंचक्रोशीत काय थोडी होती? त्यानं होकार दिला. सारजा सासऱ्याच्या पाया पडली आणि पदर तोंडात धरून बराच वेळ वाकलेली राहिली. आबासाहेबाला वाटलं, पोर आनंदानं रडतेय.

फाल्गुनात लग्न लागलं. मुलाकडचा म्हणून ज्यानं वीस वर्षं मिशा चोळल्या, त्या आबासाहेबानं स्वतःच्या हातानं मुलीकडची जागा घेतली, आणि अख्ख्या मांडवात एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. एक म्हातारा मात्र पंगतीत बोटं मोजता मोजता मधेच दचकून थांबला होता. पण तेवढ्यात बुंदीचं ताट आलं आणि तो विसरला.

पाडव्याला शकू माहेरी आली तेव्हा सारजेनं तिच्याजवळ निरोप दिला. "तात्यांना म्हनावं, बुधवारी बाजाराला निघताना सूर्य वर येऊ द्या. आन मामंजींची गाडी आडवी आली तर बैल सोडू नगा. म्हनावं, आता तुमीबी मुलाचं बाप हाईसा. मला कोन काय बोलनार न्हाय. बोललं तर त्यांचीबी लेक तुमच्या घरात हाय." शकूनं निरोप ऐकला, वहिनीकडं पाहिलं आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

बुधवार उजाडला. ऊस अजून संपला नव्हता. सारजा सकाळीच वरच्या रानात जाऊन बसली. दिवस कासराभर वर आला तेव्हा पश्चिमेकडून आबासाहेबाची गाडी खिंडीत शिरली आणि पूर्वेकडून हिंदुरावाची. वळणावर बैलांच्या नाकाला नाकं भिडली.

"रामराम, व्याहीबुवा," आबासाहेब उसावरून म्हणाला. "घ्या माघारी."

हिंदुराव हलला नाही. सारजेचा जीव वर बांधावर मुठीत आला. एकदा त्यानं कासऱ्याकडं पाहिलं, एकदा बैलांकडं. आता हा खाली उतरणार, असं तिला वाटलं. पण तो घसा खाकरून म्हणाला, "मी मुलाकडचा हाय, आबासाहेब."

"आँ?"

"भीमा माझा मुलगा. शकू तुमची मुलगी."

आबासाहेब बोटं मोजू लागला. "आरं, पन माझा मुलगा आन तुमची सारजा—"

"ते बी खरं हाय," हिंदुराव नम्रपणे म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मागं रांग लागू लागली. लोक पुढं आले आणि त्यांनी नेहमीसारखं नातं शोधायला सुरुवात केली. पण इथं शोधायचं काही नव्हतं, उलट जास्तच सापडलं होतं. एक म्हणाला, जुनं लग्न मोठं. दुसरा म्हणाला, नव्या हळदीचा मान आधी. तिसऱ्यानं म्हटलं, दोघांनीही माघारी घ्यावी. ते जमण्यासारखं नव्हतं, कारण एव्हाना आबासाहेबाच्या मागं अकरा गाड्या आणि बारामतीहून आलेली एस.टी. उभी होती. तिच्यात मोहनराव बसलेले होते.

दुपार झाली. द्वारकाबाईनं दोघांसाठी भाकरी पाठवली. आता मुलाकडच्यानं पहिला घास घ्यायचा, ही रीत. मग दोघंही एकमेकांना "घ्या", "तुमी घ्या", "छे, तुमी आदी" करत राहिले. भाकरी कडक झाली. कोथिंबिरीनं माना टाकल्या. उसाचं पाणी आटत चाललं. ड्रायव्हरनं चाकाला टेकून झोप काढली. त्याला यावेळी कुणी बहिणीचं विचारलं नाही म्हणून तो खुशीत होता.

शेवटी मोहनराव चालत वळणापाशी आले. दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, मग वर बांधावर पाहिलं. तिथं ताक आणून देणारी ती सून उभी होती आणि एकाएकी खुरप्याची धार तपासू लागली होती. मोहनरावांना जे कळायचं ते कळलं. ओठ चावून हसू दाबत ते म्हणाले, "आबासाहेब, माघारी घेऊ नका."

"घेतच न्हाय मी."

"हिंदुराव, तुम्हीही घेऊ नका. दोघांचाही मान आहे. फक्त एकानं बाजूला घ्या."

"बाजूला कुठं, सायेब? ही काय दरड हाय!" आबासाहेब कातावला.

"दरड आहे खरी. पण तुमचीच आहे."

आबासाहेबानं दरडीकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, सुकत चाललेल्या उसाकडं पाहिलं. मग गाडीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजला, "ऐका समदी! आबासाहेब जागा दील, पन माघारी घेनार न्हाय!"

"पन खनायचं कशानं?" कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात वरून दोन कुदळी आणि तीन फावडी धडाधड खाली आली. घमेली मागाहून आली. वरच्या रानात त्या दिवशी एवढी अवजारं कशी काय होती, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मुरूम भुसभुशीत होता आणि माणसं तापलेली होती. दोन्ही गावांचे चाळीसेक लोक तुटून पडले. जे पाच वर्षं लोंबकळलं असतं ते काम दिवस मावळायच्या आत निम्मंअर्धं झालं. त्याच माणसांनी मागची रांग रेटत खिंडीबाहेर काढली. मग कापलेल्या जागेत आबासाहेबानं गाडी बाजूला सारली, चाकाखाली धोंडा दिला, आणि हिंदुराव तिच्या शेजारून सरळ पुढं निघून गेला. दोन्ही गाड्यांच्या चाकांचे आस एकमेकांना घासता घासता राहिले. हिंदुरावानं वर पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ होती. सारजेला इतका आनंद झाला की ती तिथंच ढेकळात बसली आणि डोळे पुसू लागली.

मोहनरावांना दोन्ही गावांचे अंगठे मिळाले. पुढं खात्यानं दरड नीट कापली, चर बुजवला आणि दोन्ही तोंडांना पाट्या ठोकल्या. लोक आठ दिवस पाटीवर खवळले, मग तिच्याच नावानं एकमेकांना दटावू लागले. सारजेचं काम झालं होतं. उरली होती ती नुसती मजा. सासरा रिकाम्या गाडीनं कुणासाठी तरी थांबलेला बघायचा, एवढी एकच इच्छा मनात ठेवून ती रोज वरच्या रानात जायची.

ज्येष्ठात एक दिवस तिला ते दिसलं, पण भलतंच दिसलं. आबासाहेब ज्वारीची पोती भरून करंजवाडीच्या बाजूला निघाला होता. समोरून भीमा रिकामी गाडी उधळत बारामतीकडं येत होता. पाटीप्रमाणं भीमानं थांबायचं. त्यानं मुकाट्यानं बैल आवरलेही. पण त्याच्या आधीच आबासाहेबानं आपली भरलेली गाडी कापलेल्या जागेत घातली होती.

"मामा, हे काय?" भीमा ओशाळून म्हणाला. "तुमची गाडी भरलेली हाय. तुमी व्हा म्होरं."

"आसू द्या, आसू द्या. तुमी जावा, जावईबापू." आबासाहेबाचा आवाज सारजेनं कधी एवढा मऊ ऐकला नव्हता. भीमा शेजारून जाऊ लागला तसा त्यानं हळूच विचारलं, "आमची शकू बरी हाय न्हवं? आडानी हाय पोर, चुकलंमाकलं तर संभाळून घ्या."

"बरी हाय, मामा," भीमा म्हणाला आणि गेला. आबासाहेब कासरा हातात धरून उगाच बसून राहिला. वाट मोकळी झाली होती, पण त्यानं बैल हाकले नाहीत.

कितीतरी दिवस साठवून ठेवलेलं हसू सारजेला आलंच नाही. तिला सासऱ्याची कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा थोडा रागही आला. मुलीच्या बापाचं जे वाकणं कुठल्याही पाटीनं जाणार नव्हतं ते या माणसाच्याही गळ्यात तिनंच बांधलं होतं. तिनं खुरपं कंबरेला खोचलं आणि दरडीवरून घसरत खाली आली.

"मामंजी, करंजवाडीला निघालाय न्हवं? मी बी येते. शकूवन्संना बघून येऊ."

ऐन पेरणीच्या तोंडावर सुनेला माहेरी नेण्याची त्या घरात रीत नव्हती. आबासाहेबानं तिच्याकडं पाहिलं आणि पोत्यावर सरकून तिला बसायला जागा केली.